भाऊंच्या घरचा लिंबाजी

लिंबाजीमामा काय करतात, असं घरी आलेल्या पाहुण्यांपैकी कोणी विचारलं की आई सांगायची, "ते बसतात." पाहुणे हसायचे. आई हसायची नाही, कारण तिच्याकडे दुसरं उत्तरच नव्हतं. माझ्याकडे आजही नाही.

पुंडलिकनगरमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा मी शाळेत होते. बाबांना चिकलठाण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली होती. आमच्या घराला लागून एक मोकळा प्लॉट होता. मोकळा म्हणजे त्यावर घर नव्हतं. रिकामा मात्र तो कधीच नसायचा. मधोमध पत्र्याची खोली, खोलीपुढे बाज, आणि बाजेवर रस्त्याकडे तोंड करून लिंबाजीमामा. काटक अंगाचे, पन्नाशीचे, पायजम्यावर पांढरा सदरा, डोक्याला गुलाबी रुमाल गुंडाळलेला. सकाळी शाळेच्या रिक्षाची वाट पाहताना ते दिसायचे आणि दुपारी परत आले की तिथेच दिसायचे. मधल्या वेळात शहरात कुठे कारखान्याची भिंत उठलेली असायची, कुठे नवा रस्ता झालेला असायचा. मामा जागचे हललेले नसायचे.

हे कामच होतं हे मला हळूहळू कळलं. त्या वर्षांत कंपन्यांमुळे माणसं लोंढ्यानं येत होती, शेतांचे प्लॉट पडत होते आणि ते बॉण्डपेपरवर विकले जात होते. एकच प्लॉट दोघातिघांना विकलेला असायचा. कोर्टात निकाल लागायला वर्षं जायची. तोवर ज्याचा माणूस प्लॉटवर बसलेला, त्याचा ताबा. शेजारच्या प्लॉटवर ज्यांनी माणूस बसवला होता, ते तीन सख्खे भाऊ होते. थोरले भाऊ, मधले भाऊ, धाकटे भाऊ. आडनाव कोणी घेत नसे. कंपन्यांचं भंगार त्यांच्याकडे, मजूर पुरवायचे ठेके त्यांच्याकडे, चोरटी दारू त्यांच्याकडे, आणि ज्याला प्लॉट सोडायचा नसेल त्याच्याकडून तो सोडवून घेणंही त्यांच्याकडे. बाबा त्यांच्याविषयी बोलताना खिडकी लावून घ्यायचे. मामा मात्र त्यांना नुसतं 'घर' म्हणायचे. "घरनं सांगितलं." "घरचा निरोप आलाय." असं म्हणताना त्यांच्या आवाजात भीती नसायची. सासुरवाशीण माहेराबद्दल बोलते तसा तो आवाज असायचा.

मी इंग्रजी शाळेतली, टाय लावणारी, चारचौघांत तोंड न उघडणारी मुलगी. मामा मला "टायवाल्या ताई" म्हणायचे आणि माझ्याकडून उत्तराची अपेक्षा करायचे नाहीत, म्हणून मला ते बरे वाटायचे. कंपाउंडच्या भिंतीअलीकडे पुस्तक घेऊन बसलं की पलीकडचं सगळं ऐकू यायचं.

त्यांचं गाव फुलंब्रीच्या पुढे कुठेतरी होतं. वडील मेंढपाळ. शेतकरी आपल्या रानात खतासाठी मेंढरं बसवून घेतात, तशी त्यांचे वडील बसवायचे. मामा सांगायचे, "दोन-चार रोज ह्याच्या रानात, दोन-चार रोज त्याच्या रानात. मेंढरं बसली की रान खतावतं. पीक येतं ते मालकाचं. आमी तवर फुडल्या गावाला. आता मेंढरंबी गेली न् रानंबी गेली, मग घरनं मलाच बसवलं." हे ते गमतीनं सांगायचे की दुःखानं, ते कधी कळलं नाही. आपण कुठे कुठे बसलो हे मात्र अभिमानानं दाखवायचे. "त्यो डॉक्टरांचा बंगला हाय ना वहिनी, तिथं मी दोन उन्हाळे बसलोय. मंगल कार्यालय हाय, तिथं तर पावसाळ्यात बसलो, गुडघ्याइतकं पानी." डॉक्टर त्यांच्यासमोरून स्कूटरवर जायचे. मान वळवायचे नाहीत. मामा मात्र हात वर करायचे.

प्लॉट एक क्षणही रिकामा ठेवायचा नाही, हा नियम होता. पण माणसाला आंघोळ असते, सकाळचा विधी असतो. मग मामा भिंतीजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणायचे, "वहिनी, जरा नजर." आणि माझी आई, जिनं आयुष्यात कोणाची पेन्सिलसुद्धा न विचारता घेतली नव्हती, ती भाजीची परात घेऊन भिंतीशी उभी राहायची आणि गुंडांच्या प्लॉटवर नजर ठेवायची.

बाबा चिडायचे. "कोणाचा ताबा सांभाळतेयस कळतंय का तुला?"

"माणूस आंघोळीला गेलाय, एवढं कळतंय," आई म्हणायची.

कोपऱ्यावर कौतिकाबाईंची चहाची टपरी होती. बौद्ध घरातली बाई, नवरा गेलेला, मुलगा मिलिंद विद्यापीठात एम.ए. करणारा. टपरीवर निळा झेंडा आणि खाली उकळता चहा. मामांना जागा सोडता येत नसे, म्हणून ते नुसतं एक बोट वर करायचे आणि कौतिकाबाई रस्ता ओलांडून कप घेऊन यायच्या, येतानाच तोंड सुरू असायचं.

"काय वो लिंबाजीभाऊ, खाली अंडी हायेत का? उठंनाच झालात."

"पिल्लं निघाली की एक तुला देतो, कौतिकबाई."

"नगं बाबा. तुमच्या घरचं पिल्लू माझ्या घरात नगं."

असं रोज चालायचं. कौतिकाबाईंना 'घर' म्हणजे कोण ते माहीत होतं. तरी कपात त्या साखर जास्त घालायच्या, कारण मामांना गोड लागायचं.

एकदा त्या प्लॉटच्या दुसऱ्या दावेदारांनी गुंड पाठवायच्या ऐवजी एक म्हातारी पाठवली. वैजापूरकडची होती. बोचकं घेऊन आली आणि प्लॉटच्या दुसऱ्या कोपऱ्यात लिंबाखाली मांडी घालून बसली. मामा हादरले. मारामारीला आलेल्यांचं काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. म्हातारीचं काय करायचं ते 'घरा'नंही सांगितलेलं नव्हतं.

"ओ आत्या, कुडून आलात?"

"तू कुडून आलास? मी बसायला आले."

"मीबी बसायलाच हाय."

"मग बस की. कामून उभा ऱ्हायलास?"

काही दिवस दोघंही बसून होते. सावली लिंबाची एकच, ती जशी सरकायची तशी दोघांची भांडणं सरकायची. मग मामांनी तिला बाज दिली आणि स्वतः जमिनीवर आले. ती भाकरी टाकायची, मामा पाणी भरायचे. तिचंही ते कामच होतं. पोरं सांभाळत नाहीत म्हणून ती ज्याच्या त्याच्या प्लॉटवर बसायची. शेवटी मधले भाऊ मोटारसायकलवर आले आणि मामांना चारचौघांत बोलले, "तुला ताबा ठेवायला बसवलंय का संसार करायला?" म्हातारीला जावं लागलं. जाताना तिनं मामांच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मामांनी तिचं बोचकं प्लॉटच्या कडेपर्यंत नेलं. कडेपर्यंतच. पुढे ती एकटी गेली.

हे सगळं आठवलं की मला ते फार चांगले वाटतात. आणि मग तो नवरा-बायकोचा दिवस आठवतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीतला दिवस. एक कारकुनी चेहऱ्याचा माणूस, त्याची बायको आणि कडेवर मूल असे तिघं प्लॉटसमोर उभे राहिले. त्यांनी तो प्लॉट खरोखर विकत घेतला होता. माणूस पिशवीतून बॉण्डपेपर काढून दाखवायला लागला. मामांनी तो हातात घेतला नाही. त्यांना बाजेवर बसवलं, माठातलं पाणी दिलं, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "पानी पिलं ना? आता उठा. लेकराला घिऊन परत इकडं येऊ नगा." इतकंच. आवाज चढला नाही, हात उगारला नाही. पण त्या बाईचा चेहरा असा झाला की मी पुस्तक मिटून आत गेले. खिडकीतून पाहिलं तर ती पदर तोंडाला लावून चालत होती. संध्याकाळी मामा नेहमीसारखे भिंतीजवळ आले आणि आईकडे वाटीभर साखर मागितली. आईनं दिली. त्या दिवशी आई त्यांच्याशी बोलली नाही, एवढंच.

तेच हात, तेच डोळे. म्हातारीचं बोचकं उचलणारे आणि त्या बाईला हाकलणारे. मी दोन माणसं वेगळी करू पाहायचे, पण ती वेगळी होत नसत.

मधूनमधून मामा "गावाला" जायचे. जायच्या दिवशी सकाळीच आंघोळ, इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. त्यांच्या जागी तेवढ्यापुरता दुसरा कोणी येऊन बसायचा. कधी थोड्या दिवसांनी परत यायचे, कधी महिने लागायचे. ते गावाला जात नसून तुरुंगात जातात, हे मला बाबांच्या बोलण्यातून कळलं. 'घरा'तल्या कोणी मारामारी केली, ट्रक लांबवला, दारू पकडली गेली, की पोलिसांना आरोपी लागायचा. तेव्हा घर एक माणूस द्यायचं. त्याला ते "हजर होणं" म्हणायचे. ज्यानं केलं तो हजर होत नसे. ज्याच्यावाचून घराचं अडत नाही तो व्हायचा.

एकदा धीर करून मी विचारलं. मी त्यांना आपणहून विचारलेला तो बहुधा एकमेव प्रश्न. "तुम्ही केलं नाही, तर केलं असं का सांगता?"

मामांना प्रश्नच विचित्र वाटला. "कुनीतरी केलंच हाय ना ताई. केस झाली म्हंजी मानूस लागतो. ज्यानं केलं त्याला बाहेर कामं हायेत, त्याच्यावर पन्नास चुली हायेत. मला काय काम? हितं बसायचं ते तितं बसायचं."

"वाईट नाही वाटत?"

"आल्यावर आई वाढती ना," ते म्हणाले.

आई म्हणजे भाऊंची आई. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला ती म्हातारी स्वतः पाटावर बसवायची, डोक्याला तेल लावायची आणि स्वतःच्या हातानं वाढायची. तोवर पोटची पोरंसुद्धा जेवायला बसत नसत. "थोरल्या भाऊंना सुना वाढत्यात. मला आई वाढती," असं सांगताना मामांचा चेहरा उजळायचा. मी तेव्हा मनातल्या मनात हिशेब लावत होते की महिनोन्महिने तुरुंग आणि एक ताट, हे बरोबर कसं. पण त्यांना ते बरोबर वाटत होतं आणि मला त्यात चूक नेमकी कुठे आहे ते दाखवता येत नव्हतं.

एका हिवाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचं पुन्हा तापलं. मोर्चे निघत होते, बंद पुकारले जात होते, शाळा मध्येच सोडून द्यायचे. मिलिंद घरी कमी आणि मोर्चात जास्त असायचा. एका बंदच्या दिवशी कौतिकाबाईसुद्धा टपरीला कुलूप लावून मोर्चाला गेल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुपारी मी आत अभ्यास करत होते, तेव्हा आधी वास आला आणि मग मामांची हाक. "वहिनी! पानी! टपरी!"

आम्ही बाहेर आलो तोवर टपरी चांगलीच पेटली होती. घराघरातून लोक बादल्या घेऊन धावले. मामा प्लॉटच्या कडेला उभे राहून माठातलं, पिंपातलं पाणी बादलीत ओतून लोकांच्या हातात देत होते, ओरडून सांगत होते, "वरून टाका, वरून!" पण त्यांनी प्लॉटची कड ओलांडली नाही. सगळी गल्ली धावली आणि सगळ्या गल्लीनं पाहिलं, की लिंबाजी तेवढा जागचा हलला नाही.

संध्याकाळी कौतिकाबाई परत आल्या. काळे पत्रे पाहिले, पायानं बाजूला सारले आणि सरळ प्लॉटवर आल्या.

"कोन होतं, लिंबाजीभाऊ?"

"म्या नाय पाह्यलं."

"तुमचं तोंड दिवसभर माझ्या टपरीकडं. न् नाय पाह्यलं?"

"डोळा लागला व्हता."

"तुमचा?" त्या म्हणाल्या. मग गेल्या.

तो कोपरा धाकट्या भाऊंना हवा होता, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे त्यांना दारूचं दुकान काढायचं होतं आणि कौतिकाबाई हलत नव्हत्या. पण पोलिसांनी लिहिलं की नामांतराच्या गडबडीत अज्ञात जमावानं टपरी जाळली. जमावाला नाव नसतं. मिलिंद आणि त्याचे मित्र पोलीस ठाण्याच्या दारात जाऊन बसले, रोज बसले, वर्तमानपत्रात बातमी आली. मग वरून दाब आला आणि पोलिसांना आरोपी लागला.

एका सकाळी मामा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून भिंतीजवळ आले. "वहिनी, गावाला जाऊन येतो." आईनं मान हलवली. ते जाईनात. चेहऱ्यावर आनंद होता, खरंच आनंद. "कौतिकबाईचं काम हून जाईल आता," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी ते परत आले. असं कधी झालं नव्हतं. ठाण्यात कौतिकाबाईंना बोलावून विचारलं, हाच का तो? त्या साहेबाच्या तोंडावर हसल्या. म्हणाल्या, "ह्यो? ह्यो मानूस मुतायला उठला तरी गल्लीला सांगून उठतो." मग हवालदार गल्लीत चौकशीला आला. डॉक्टरांनी सांगितलं, लिंबाजी प्लॉटवरच होता. समोरच्यांनी तेच सांगितलं. आणि माझ्या बाबांनी, जे भाऊंच्या भानगडीत कधी पडत नसत, फाटकात उभं राहून सांगितलं, "ते बादल्या भरून देत होते. मी स्वतः घेतली त्यांच्या हातून." सगळी गल्ली खरं बोलली. अशा साक्षींवर कोणाला आत ठेवता येत नाही.

त्या दिवशी जळक्या टपरीसमोर जे भांडण झालं ते मी भिंतीआडून ऐकलं.

"माझं वाटोळं केलं तू, कौतिकबाई," मामा म्हणत होते. "तुला मानूस पायजे व्हता ना? रोज पोरगा जाऊन बसत व्हता ना? मी आलो व्हतो की सोता!"

"तू माझी टपरी जाळली?"

"नाय."

"मग मला तू कशाला पायजे?"

"केसला मानूस लागतो! म्या इचार केला, तुझी केस हाय, दुसरा कुनी कशाला, आपुनच जावं. तुझ्यासाठी गेलो मी!"

कौतिकाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "मला मानूस नगं, लिंबाजी. नाव पायजे. तुला ठाव हाय ते."

मामांना वाटत होतं त्यांनी कौतिकाबाईंना आपल्याकडचं सगळ्यात मोठं काहीतरी देऊ केलं होतं. आणि कौतिकाबाईंना वाटत होतं मामांनी नेमकं तेच दडवून ठेवलं होतं. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचंही एकाच वेळी पटणं शक्य नव्हतं.

त्याच आठवड्यात प्लॉटवर दुसरा माणूस आला, तरणाताठा, मिशीवाला, ट्रान्झिस्टर घेऊन. मामांना 'घरा'नं बोलावून घेतलं. परत आले ते आमच्या पायरीवर बसले. इतक्या वर्षांत ते आमच्या फाटकाच्या आत पहिल्यांदाच आले होते. आईनं चहा दिला.

"आईनं ताट सुनेच्या हातनं धाडलं," ते म्हणाले. "थोरले भाऊ बोलले, लिंबाजी, तुला आता सगळे वळखत्यात. तू केलं म्हनलास तर कुनी खरं मानत नाय. मग वहिनी, असा मानूस घराला काय कामाचा?"

"लोकांनी तुम्हाला चांगला माणूस मानलं, म्हणून तर सोडवलं," आई म्हणाली.

"त्येच तं," मामा म्हणाले.

कोणी आपल्याला गुन्हेगार मानायला तयार नाही म्हणून रडवेला झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

मग पोलिसांनी टपरी जाळणारा पकडल्याची बातमी आली. भिका नावाचा वैजापूरकडचा माणूस, भाऊंच्या भंगाराच्या गोदामात काट्यावर काम करणारा. त्याला या भागात कोणीच ओळखत नव्हतं. कौतिकाबाईंना विचारलं, हाच का? त्या हो म्हणू शकल्या नाहीत आणि नाहीही म्हणू शकल्या नाहीत. त्यांनी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. भिकानं मात्र सगळं कबूल केलं होतं.

मामा भिकाला ओळखत होते. बंदच्या दिवशी तो वैजापुरात होता, पोरीच्या लग्नाची सुपारी फोडायला. आता यात मामांना इतकं लागण्यासारखं काय होतं, मला सांगता येत नाही. आयुष्यभर त्यांनी हेच तर केलं होतं. आपण स्वतः खोटं हजर होणं आणि दुसऱ्याला तसं होताना पाहणं यात त्यांना काही फरक दिसला असेल. की कौतिकाबाईंच्या केसला दुसऱ्याच कोणाला दिलं, याचा राग होता? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिलाय.

काहीही असो, एका दुपारी ते कौतिकाबाईंकडे गेले आणि म्हणाले, "चल. नाव सांगतो."

कौतिकाबाई मला बोलवायला आल्या. आईला म्हणाल्या, "पोरीला धाडा माझ्यासंगं. मिलिंदला नेलं तर भांडान हुतं. विंग्रजी शिकल्याली पोरगी संगं असली की साहेब खुर्ची देतो." मला म्हणाल्या, "तू काय बोलू नगंस माय. नुसती ऱ्हा." ते मला जमण्यासारखं होतं.

साहेबांनी खरंच मला खुर्ची दिली. कौतिकाबाई उभ्या राहिल्या. मामा टेबलापुढे गेले ते अगदी सवयीनं, कुठे उभं राहायचं ते पायांना माहीत असल्यासारखे.

"क्या लिंबाजी, फिर आ गया?" साहेब हसले. कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं. "बोल. आता काय केलंस?"

"म्या काय नाय केलं, साहेब. पाह्यलं."

पेन थांबलं.

"टपरी धाकट्या भाऊंनी जाळली. जीपनं आले. डब्यातून ओतलं आन् काडी लावली. म्या बाजेवर व्हतो. भिका वैजापुरात व्हता."

कोपऱ्यातला हवालदार हसायला लागला, मग साहेबांकडे पाहून थांबला. साहेबांनी टोपण परत पेनला लावलं. रागावले नाहीत. समजुतीच्या सुरात बोलले, शाळेत सर बोलतात तसे. "लिंबाजी, थोड्या दिवसांपूर्वी याच जागेवर उभा राहून म्हणालास, मी जाळली. आता म्हणतोस दुसऱ्यानं. तुझं नाव सांगायचं असेल तर आत्ता लिहितो. दुसऱ्याचं लिहीत नसतो मी तुझ्या सांगण्यावरून."

"साहेब," मामा गोंधळून म्हणाले, "इतकी वर्षं खोटं सांगितलं ते समदं लिवून घेतलं की तुमी."

"घेतलं ना. त्यात कोणाचं काही बिघडत नव्हतं."

"लिवा," कौतिकाबाई म्हणाल्या.

"बाई, आरोपी मिळालाय तुम्हाला. कबूल केलंय त्यानं."

"लिवा म्हनते ना मी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काही पाहिलंत का, मिस?" मी मान हलवली, नाही. मी खरंच पाहिलं नव्हतं. मी आत अभ्यास करत होते. ते म्हणाले, "मग झालं," आणि हवालदाराला चहा सांगितला.

आम्ही बाहेर आलो. मामा पायऱ्यांवर थबकले. या दारातून आत गेलेला माणूस त्याच दुपारी रिकामा बाहेर येतो, याची त्यांना सवय नसावी. "झालं?" त्यांनी विचारलं, कोणाला ते कळलं नाही. कौतिकाबाईंनी डोळे पुसले नाहीत, कारण त्या रडत नव्हत्या. "नाव सांगितलंस ना मला," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं. ह्या पोरीनं ऐकलं." आणि चालायला लागल्या.

पुढे विद्यापीठाला नाव मिळालं. त्या दिवशी कौतिकाबाईंनी सगळ्या गल्लीला फुकट चहा पाजला. भिकाला शिक्षा झाली, किती ते मी विचारलं नाही. शेजारच्या प्लॉटवर आता तीन मजली इमारत आहे आणि तिथे राहणाऱ्यांना त्याआधी तिथे काय होतं ते माहीत नाही. मामा कुठे गेले, गावाला, खऱ्या गावाला, की आणखी कुठे, याची तीन-चार उत्तरं मी ऐकली आहेत. एकावरही माझा विश्वास नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ठाण्यातून आल्यानंतर, त्याच संध्याकाळी. मिलिंद नव्या टपरीसाठी खड्डे खणत होता. कौतिकाबाईंनी मामांना काही विचारलं नाही, नुसता एक लाकडी खांब त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खड्ड्यात उभा धरला. मिलिंद दगड टाकत होता, माती ओतत होता, पहारीनं ठोकत होता. रस्त्यावरून भाऊंची जीप आली, कोपऱ्यावर हळू झाली, आतल्यांनी पाहिलं आणि ती पुढे गेली. मामांनी मान वळवली नाही. खांबाला गाल टेकून, दोन्ही हातांनी तो घट्ट धरून ते उभे होते. खड्डा भरून झाला. मिलिंदनं खांब हलवून पाहिला, हलत नव्हता. तो दुसऱ्या खड्ड्याकडे गेला.

"सोडा आता, लिंबाजीभाऊ," कौतिकाबाई म्हणाल्या. "उभा हाय त्यो."

"व्हय," मामा म्हणाले. पण हात काढले नाहीत.